रेडियमचा हौद

कुनिहिकोने डावा पाय पाण्यात टाकला आणि तिघं उठले. एकदम उठले असते तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. आधी लाकूडवाला इवाबुचि उठला, गुडघ्यांवर हात टेकत, ‘आज पाणी जरा कडकच आहे नाही’ असं हवेला सांगत. मग त्याच्या शेजारचा, डोक्यावरचा पंचा काढून त्याची पुन्हा तशीच घडी घालत. सगळ्यात शेवटी तानाहाशीसान, वस्तीच्या मंडळाचे अध्यक्ष. ते उठतानाही वाकले, ‘बरं, मी आधी निघतो हं मालक’ म्हणाले, आणि पाठमोरे होऊन जाताना ढुंगणावरचं पाणी दोन्ही हातांनी निपटलं. म्हातारा मुरोई तेवढा हौदात राहिला. तो काही प्रेमाने राहिला नव्हता, त्याचे गुडघेच गेले होते. ‘मला उठायचं म्हणजे संध्याकाळ होते रे कुनि,’ तो डोळे मिटूनच म्हणाला, ‘तू बस.’ कुनिहिकोचा उजवा पाय अजून बाहेर कोरड्या फरशीवर होता. पाणी कडक? बेचाळीस अंश. त्याच्या आजोबांपासून त्यांच्या न्हाणीघराचं, कामे-नो-युचं, पाणी बेचाळीस अंश होतं, आणि ह्या इवाबुचिच्या बापाने ह्याच पाण्यात ह्याला मांडीवर घेऊन बुडवून काढलं होतं, तेव्हा नाही कडक लागलं ते. ओसाकात, सुमियोशीच्या बाजूला, ट्रामच्या रुळांना लागून असलेल्या ह्या न्हाणीघरात एक रीत होती. दुपारी न्हाणीघर उघडल्याचा पडदा दारावर लावला की मालकाने पहिल्या पाण्यात उतरायचं, गिऱ्हाइकांच्या बरोबर, त्यांच्या देखत. आजोबा उतरायचे, बाप उतरायचा. जे पाणी आपण विकतो त्यात आपण बसतो, एवढंच त्यातून सांगायचं. इस्पितळातून आल्यावर डॉक्टरीणबाईंनी सांगितलेले दिवस त्याने गुमान काढले होते, आणि आज पहिल्यांदा तो उतरत होता.

चूक त्याचीच होती, असं त्याची बायको मिसाओ नंतर म्हणाली. विनोद करायला कुणी सांगितलं होतं? पण ओसाकाच्या माणसाला दुखणं झालं की तो आधी त्याच्यावर विनोद करतो, औषध नंतर घेतो. न्हाणीघरात तर माणसं नागडीच असतात, लपवायचं काय? ह्याच कपडे बदलायच्या खोलीत त्याने उभं आयुष्य मुळव्याधी ऐकल्या होत्या, हर्निया बघितले होते, आणि साठी उलटलेल्या प्रत्येकाच्या लघवीची धार कशी तुटते ते त्याला तोंडपाठ होतं. तेव्हा इस्पितळातून आल्यावर, पुरुषांची बाजू आणि बायकांची बाजू ह्यांच्या मधोमध असलेल्या गल्ल्याच्या उंच बैठकीवर बसून, तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला होता, ‘आता गॅसचं बिल निम्म्यावर येणार बघा. मी नुसता हौदात बसलो की पाणी उकळणार. साठेक दाणे भरलेत माझ्या बुडात, किरणांचे. रात्री मुतायला उठलो तरी दिवा लावायला नको.’ काय हसले होते सगळे! तानाहाशीसान तर भिंतीला हात टेकून हसले होते. म्हणाले होते, ‘मालक, मग तुम्हाला हौदात सोडून आम्ही अंडीही उकडून घेऊ.’ कुनिहिकोला फार बरं वाटलं होतं. महिन्यांची भीती त्या हसण्यात निघून गेल्यासारखी वाटली होती. पण हसून झाल्यावर माणसं घरी जातात. घरी बायको असते, बायकोला सून असते, सुनेच्या पोटात मूल असतं. तो विनोद कामे-नो-युच्या दारातून बाहेर पडला आणि अशा अशा घरांत शिरला जिथे कुणी विनोद म्हणून घेतलाच नाही. आणि वर्षही कसं, तर फुकुशिमाच्या अणुभट्टीच्या अपघातानंतरचं दुसरं. त्या काळात लोक पालकाची जुडी घेतानासुद्धा ती कुठल्या मातीतली ते विचारत होते.

आणि होतं तरी काय ते? तांदळाच्या दाण्याहून लहान, धातूच्या नळीत बंद केलेले कण. त्याला बाळंतिणीसारखे पाय वर बांधून आडवं केलं होतं, कमरेखालचं सगळं बधिर, पडद्यापलीकडे कुणीतरी हळू आवाजात आकडे सांगत होतं आणि एकेका लांब सुईतून ते दाणे कर्करोग झालेल्या त्या अक्रोडाएवढ्या प्रोस्टेट ग्रंथीत ठेवले जात होते. बी पेरतात तसे. ओगिवारा डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या होत्या, ‘छान बसलेत हं.’ हे वाक्य ऐकून त्याला उगाच अभिमान वाटला होता. एक रात्र त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं, लघवी जाळीतून गाळायला लावली, एखादा दाणा निसटला तर सापडावा म्हणून. मग समजावलं. लहान मुलाला काही दिवस मांडीवर घ्यायचं नाही. पाकिटात उपचाराची नोंद असलेलं कार्ड ठेवायचं. आणि वर्षाच्या आत काही बरंवाईट झालं तर आधी इस्पितळाला कळवायचं, म्हणजे दहनाच्या आधी तो भाग काढून घेता येईल. ‘म्हणजे भट्टीत जायच्या आधी माझी छाटणी?’ त्याने विचारलं होतं आणि डॉक्टरीणबाई गांगरल्या होत्या. बाकी कशालाच हरकत नाही, त्या म्हणाल्या. हे किरण फार दुबळे आहेत, चार बोटं मांस ओलांडतानाच दमतात, आणि पाण्यात तर त्याहूनही. जखम भरायचे दिवस गेले की न्हाणीघरात खुशाल जा. पत्नीशेजारी झोपायलाही हरकत नाही. त्यावर मिसाओने जमिनीकडे पाहिलं होतं. किरण दुबळे, तो त्या दिवशी हौदाच्या काठाशी एका पायावर उभा राहून मनात म्हणत होता, किरण बिचारे चार बोटं जात नाहीत, पण विनोद ट्रामच्या दोन थांब्यांपलीकडे गेला.

त्याच संध्याकाळी, जेवणाच्या आधी, तानाहाशीसान घरी आले. हातात गोड बीनच्या वड्यांचा डबा, सुंदर कागदात बांधलेला. तो डबा बघताच कुनिहिकोचं डोकं फिरलं, कारण असा डबा माणूस माफी मागताना आणतो नाहीतर अपमान करताना, आणि तानाहाशीसान माफी मागायला आलेले दिसत नव्हते. ते गुडघ्यांवर बसले. हवेबद्दल बोलले, मिसाओच्या लोणच्याबद्दल बोलले. मग म्हणाले, ‘तुम्हाला कुणी काही म्हणत नाहीये हं मालक. ते आधीच सांगतो.’

‘मग आलात कशाला?’

‘अहो ऐका तर. मला स्वतःला काहीच वाटत नाही. पण लोकांच्या मनाचं काय करता? मन काय सांगून ऐकतं?’

‘तुम्ही उठलात ना हौदातून. ते लोक उठले का तुम्ही उठलात?’

‘मला घाम आला होता,’ तानाहाशीसान म्हणाले, आणि खरंच त्यांना आत्ताही घाम आला होता. ‘हे बघा, वर्षभराचा तर प्रश्न आहे. तोवर तुम्ही जर... बंद झाल्यावर, शेवटच्या पाण्यात उतरलात, तर तुमचीही अंघोळ होईल आणि कुणाचं मनही दुखावणार नाही. तुमच्या घरचंच तर पाणी आहे.’

शेवटचं पाणी. तानाहाशीसानना काय माहीत. किंवा माहीत असेलही, तेही ह्याच गल्लीत वाढले. कुनिहिकोच्या कानात एकदम तो आवाज आला, रिकाम्या न्हाणीघरात फरशीवर तसराळं ठेवल्याचा, एकच, आणि मग बराच वेळ काही नाही. त्याची आई तोमिए. हिरोशिमाहून कागदाच्या कारखान्यात कामाला आलेली, मानेपासून डाव्या दंडापर्यंत कातडी आकसून चकाकणारी, उन्हाळ्यातही लांब बाह्या. बापाने हट्टाने तिच्याशी लग्न केलं, आणि आजोबांनी लग्न मान्य करून एकच अट घातली, की सुनेने गिऱ्हाइकांसमोर पाण्यात उतरायचं नाही. बायका घाबरतील. लागतं म्हणे ते, एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या. लागत नाही हे आजोबांना चांगलं ठाऊक होतं, पण लोकांच्या मनाचं काय करता? म्हणजे हेच वाक्य! हेच, शब्द न् शब्द! तेव्हा ती शेवटच्या पाण्यात उतरायची, वस्तीभरच्या केसांच्या आणि साबणाच्या सायीच्या पाण्यात, आणि उतरून झालं की त्याच हौदाला घासायला घ्यायची. लहानपणी तो बापाबरोबर पुरुषांच्या बाजूला बसायचा. मधल्या भिंतीला वर छताशी मोकळी जागा, तिच्यातून वाफ इकडून तिकडे जायची आणि हाका जायच्या. ‘अहो, निघते हं मी!’ ‘साबण टाक गं इकडे!’ ‘पाणी कसं आहे तिकडे?’ प्रत्येकाच्या घरची हाक यायची. इवाबुचिच्या आईची तर अशी यायची की छताचं पाणी गळावं. बापाला कधी कुणी हाक मारली नाही. बाप मान वर करून भिंतीच्या त्या मोकळ्या जागेकडे बघत बसायचा, आणि कुनिहिकोला वाटायचं, तो वाफ बघतोय. आजोबा गेले, मग सांगायला कुणी उरलं नाही. तरी आई शेवटच्याच पाण्यात उतरत राहिली. मोठेपणी त्याने ठरवून टाकलं होतं की तिला तसंच आवडतं.

‘डबा घेऊन जा,’ तो तानाहाशीसानना म्हणाला. मिसाओने घाईने मध्ये पडून डबा ठेवून घेतला आणि चार वेळा वाकली.

दुसऱ्या दिवशी तानाहाशीसान यंत्र घेऊन आले. किरण मोजायचं. फुकुशिमाच्या वर्षी विजेच्या सामानाच्या बाजारातून त्यांनी ते घेतलं होतं आणि नंतर कपाटात टाकलं होतं. ओलं होऊ नये म्हणून पारदर्शक पिशवीत गुंडाळलेलं. ‘आपण शास्त्राने बोलू या मालक, म्हणजे कुणाला वाईट वाटायला नको.’ कपडे बदलायच्या खोलीत सगळे जमले, कमरेला पंचे. कुनिहिको चड्डीवर उभा राहिला, कारण नाही म्हणणं म्हणजे भिणं झालं असतं. तानाहाशीसाननी वाकून यंत्र त्याच्या ओटीपोटाजवळ धरलं. टिक. टिक टिक. पाऊलभर मागे नेलं तर ते गप्प झालं, पण मागे नेलेलं कुणी बघितलंच नाही. जवळ धरल्यावर टिकटिकलं, तेवढं सगळ्यांनी बघितलं. इवाबुचि आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. तेवढ्यात म्हातारा मुरोई बाकावरून म्हणाला, ‘अरे, एवढं आणलंच आहेस तर तिकडेही धर की. बघू तरी.’

तिकडे म्हणजे आत, न्हाणीच्या कोपऱ्यातला लहान हौद. रेडियमचा हौद. बापाने आयुष्यात केलेली एकुलती एक चैन. डोंगरातल्या औषधी झऱ्याच्या गावाहून एक करडा दगड आणून नळाच्या मुखाशी बसवला, आणि भिंतीवर निळ्या फरशीवर पांढऱ्या अक्षरांत लिहून घेतलं: रेडियमचं पाणी. कंबरदुखी, सांधेदुखी, थकवा, स्त्रियांचे विकार. त्या हौदात जेमतेम चौघं मावतात आणि त्याच्यासाठी रोज नंबर लागतो. वस्तीतले लोक दरवर्षी बस करून त्या झऱ्याच्या गावी जातात, दोन दिवस तिथल्या पाण्यात डुंबतात, मोठ्या भक्तीने ती वाफ छातीत ओढतात आणि परत येताना तिथलं पाणी बाटल्यांत भरून आणतात. बसची व्यवस्था तानाहाशीसानच करतात. तर तेच आता यंत्र घेऊन त्या दगडापाशी वाकले, आणि यंत्र टिक टिक टिक टिक करायला लागलं, कुनिहिकोच्या पोटापाशी केलं होतं त्याहून घाई घाईने.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

‘असली आहे म्हणजे!’ इवाबुचि ओरडला. ‘इतकी वर्षं मला वाटायचं, मालकाच्या बापाने नदीतला गोटा आणून बसवला!’ ‘तरीच माझी कंबरदुखी उतरते,’ आणखी कोणी म्हणालं. मुरोई म्हणाला, ‘सरका, मला बसू द्या आधी.’ चौघांच्या जागेत पाच जण घुसले, हसत, एकमेकांच्या मांड्यांवर मांड्या टाकून. यंत्र पिशवीत टिकटिकत होतं, आणि कुनिहिको मागे चड्डीवर उभा होता. त्याला वाटलं, आपण आता मोठ्याने हसणार. ओसाकाच्या माणसाला ह्याहून चांगला विनोद कुठे मिळेल? पण हसू येईना.

‘तानाहाशीसान,’ तो म्हणाला. ‘फरक काय?’

‘कसला?’

‘ते टिकटिकलं, हेही टिकटिकलं. ते जास्त टिकटिकलं. त्यात तुम्ही मुलंबाळं घेऊन बसता. मग फरक काय ते एकदा सांगा.’

तानाहाशीसान यंत्राचं बटण शोधत होते. ते वाईट माणूस नव्हते, कुनिहिकोला हे तेव्हाही कळत होतं, आणि त्यामुळेच जास्त राग येत होता. वाईट माणसाला निदान शिवी देता येते. ‘अहो, तो दगड आहे,’ ते शेवटी म्हणाले. ‘निसर्गातला. तुमचं ते... रोगाचं आहे ना.’

म्हणजे किरणांचं काही नव्हतंच. हे ऐकायला यंत्र कशाला हवं होतं! रोगाचं. दगडातून आलं तर औषध, माणसातून आलं तर विटाळ. आईच्या दंडातून तर काहीसुद्धा येत नव्हतं, नुसती जळून गेलेली कातडी होती, तीसुद्धा तिने स्वतः जाळली नव्हती, वरून कुणीतरी टाकलं होतं. तरी तिने लांब बाह्या घालायच्या. तरी तिने शेवटचं पाणी घ्यायचं. आणि तिच्या नवऱ्याने, मरेपर्यंत गप्प राहिलेल्या त्या माणसाने, रेडियमचा दगड आणून निळ्या फरशीवर अक्षरं कोरून घ्यायची! त्याला काय वाटलं असेल ती अक्षरं कोरून घेताना? स्त्रियांचे विकार! कुनिहिको कपडे चढवून तडातडा गल्ल्यापाशी गेला. तिथे मिसाओ सुटे पैसे लावत बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं.

पडदा उतरवून झाल्यावर, चहा पिताना ती म्हणाली, ‘वर्षभर उतरलात शेवटच्या पाण्यात तर काय झिजणार आहे तुमचं?’

‘तूसुद्धा?’

‘मी काय म्हटलं?’

‘तूसुद्धा घाबरतेस? सांग ना. डॉक्टरीणबाईंसमोर खाली बघत होतीस ती.’

मिसाओने कप खाली ठेवला. ‘मला बोलायचं नाही,’ ती म्हणाली. ‘मी तुमच्या शेजारी झोपते. तुम्ही तिकडे तोंड करून झोपता, मी नाही. खाली बघितलं ते लाज वाटली म्हणून, एवढ्या तरुण बाईने ते सगळ्यांसमोर सांगायचं म्हणजे. भीती! भीती मला एकच आहे, तुम्ही मरायची. ते दाणे तिथे बसलेत म्हणून मला रात्री झोप लागते. त्या दाण्यांना मी मनातल्या मनात नमस्कार करते, माहीत आहे?’

त्याला माहीत नव्हतं.

‘मी म्हणते ते एवढ्यासाठी, की तुम्हाला रोज ती माणसं उठताना बघायला लागू नये,’ ती म्हणाली, आणि तिचाच आवाज चढला. ‘पण नका उतरू. नकाच उतरू शेवटच्या पाण्यात. तुम्हाला ठाऊक तरी आहे का ते कसं असतं? तुम्ही आईंना कधी बघितलंत? मी बघितलंय. लग्न होऊन आले तेव्हा त्यांची पाठ मीच चोळायचे. कोमट, जाड पाणी. वर केस तरंगत असायचे, ते त्या हाताने बाजूला करायच्या आणि मग बसायच्या. एकदा मी म्हटलं, आई, उद्या माझ्याबरोबर दुपारी उतरा. तर म्हणाल्या, मला एकटीला गरम पाण्याचं काय कौतुक.’

‘मला वाटायचं तिला आवडतं.’

‘कुणाला आवडेल?’ मिसाओ म्हणाली. ‘कुणाला आवडेल हो?’ आणि उठून कप विसळायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुनिहिकोने पडदा लावला, बॉयलरचा काटा पाहिला. बेचाळीस. बाहेर ट्रामने घंटी दिली. नेहमीची मंडळी आली, लाकडी चपला कप्प्यांत ठेवल्या, मिसाओने गल्ल्यावरून नेहमीसारखं ‘या या’ केलं. तो सगळ्यांबरोबर आत गेला, स्टुलावर बसून अंग घासून घेतलं, तसराळ्याने खांद्यांवर पाणी ओतलं. मोठ्या हौदात तानाहाशीसान आणि इवाबुचि आधीच गळ्यापर्यंत बुडाले होते. तो उठून हौदाच्या काठाशी गेला तसे ते दोघं हलायला लागले. आज पाय आत टाकून थांबला नाही तो. दोन्ही पाय टाकले, कंबर टाकली, छाती टाकली, पाणी काठावरून फरशीवर सांडलं. ते दोघं बाहेर गेले आणि आपापल्या स्टुलांवर बसून धुतलेले हात पुन्हा धुवायला लागले. कोपऱ्यात रेडियमच्या हौदात मुरोई डोळे मिटून बसला होता. एवढा मोठा हौद, वीस माणसांचा, आणि त्यात एकटा कुनिहिको, पंचा डोक्यावर. पाठमोऱ्या माणसांच्या पाठी त्याच्यासमोर रांगेने. बसा, तो मनात म्हणाला, धुवा तुम्ही, कातडी निघेपर्यंत धुवा. मी उद्याही येणार आणि परवाही. राग इतका होता की पाणी गरम आहे का गार ते त्याला कळत नव्हतं.

तेव्हा भिंतीच्या वरून, छताजवळच्या मोकळ्या जागेतून आवाज आला.

‘अहो!’

स्टुलांवरचे सगळे हात थांबले. तो आवाज मिसाओचा होता, पण तिथून येणं शक्य नव्हतं. दुपारी पडदा लागल्यापासून बंद होईपर्यंत ती गल्ल्यावर असते, एवढ्या वर्षांत ती बैठक कधी रिकामी राहिली नव्हती. कुनिहिकोने मान वर केली.

‘अहो, कुनिहिकोसान!’ ती पुन्हा ओरडली, इवाबुचिच्या आईसारखी, छताचं पाणी गळेल अशी. मागून बायकांच्या बाजूला पाण्याचा आवाज झाला, कोणीतरी हौदात नीट बसल्याचा. ‘पाणी कसं आहे तिकडे?’

त्याला उत्तर द्यायचं होतं. भिंतीपलीकडून हे विचारायला आईला कधी कुणी तिथे बसू दिलं नव्हतं, आणि तिला विचारायला इकडून कधी कुणी आवाज दिला नव्हता, बापाने नाही, त्यानेही नाही, एकदाही नाही. त्याचे डोळे जळत होते. पुढे बसलेल्या त्या सगळ्या पाठींना ऐकू जाईल अशा आवाजात, आवाज फाटला तरी पर्वा न करता, तो ओरडला:

‘गरम आहे! मस्त गरम आहे!’